वडिलांची गाणी गावीत की टाळावीत? रोझॅन कॅशच्या निमित्ताने

आलेला प्रश्न असा आहे: "मी २३ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. वडील आणि काका तीस वर्षं लोकगीतांचा कार्यक्रम करतात, आमच्या भागात त्यांचं नाव आहे. मीही गाते. कॉलेजात अमेरिकन कंट्री गाण्यांचा नाद लागला, त्यातून रोझॅन कॅश सापडली. ती जॉनी कॅशची मुलगी नसती तर तिला कुणी विचारलं असतं का? आणि मी स्टेजवर गेले की लोक वडिलांचीच गाणी मागतात. ती सोडून द्यावीत का?"

तुला एकेरीत बोलतोय, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुला ठरवता येईल. मी मिरजेचा. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत वाढलो, माडीवर भोपळे वाळत पडलेले असायचे. गेली बावीस वर्षं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिलमध्ये आहे, कंट्री संगीताच्या धंद्याचं हे मुख्य गाव. दिवसा गिटारी दुरुस्त करतो, बोलावणं आलं की स्टुडिओत वाजवतो, आणि घरामागच्या खोलीत नव्या गायकांची गाणी नमुन्यादाखल रेकॉर्ड करून देतो. त्याला इथे डेमो म्हणतात. त्या खोलीत येणाऱ्यांत घरात गाणं असलेली मुलं खूप असतात. कुणाची आई गायची, कुणाचे आजोबा बँजो वाजवायचे. म्हणून तुझा प्रश्न मला नवा नाही.

तू दोन प्रश्न विचारलेस, पण मला त्यांच्या खाली एकच ऐकू येतो: लोक मला ऐकायला बसलेत, की माझ्यातून वडिलांना? हा प्रश्न खरा आहे आणि फार दुखरा आहे. त्याला हात घालण्याआधी पहिल्याचं सरळ उत्तर देतो.

हो, नावाचा उपयोग झाला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांतून आलेलं गाणं, आणि जॉनी कॅश हा त्यातला फार मोठा गायक. रोझॅनचा जन्म २४ मे १९५५ चा, मेम्फिसचा. वडिलांची पहिली रेकॉर्ड त्यानंतर महिन्याभरात बाजारात आली. म्हणजे वडिलांची कारकीर्द आणि मुलगी एकाच वयाच्या. आई-वडील वेगळे झाले, ती आईजवळ कॅलिफोर्नियात वाढली. शाळा संपल्यावर १८ व्या वर्षी वडिलांच्या दौऱ्यावर गेली. तिथे पहिलं काम मिळालं ते कपडे धुण्या-सांभाळण्याचं, मग मागे उभं राहून साथीला गाण्याचं. जॉनी कॅशने जून कार्टरशी लग्न केलेलं असल्यामुळे त्या दौऱ्यात सगळं कार्टर कुटुंब असायचं. हे म्हणजे कंट्री संगीताचं मूळ घर. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ज्यांनी आपल्या पहिल्या रेकॉर्ड केल्या, त्या जूनच्या आई मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायच्या आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायच्या. पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी ती पद्धत उचलली. त्या मेबेलबाई आणि त्यांची मुलगी हेलन यांच्याकडून रोझॅन विंगेत बसून गिटार शिकली. अशी शिकवणी पैसे टाकून मिळत नाही. पुढे तिला करारावर घेणारी कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनीही वडील जिच्यासाठी गायचे तीच होती. तेव्हा नावाने दार उघडलं नाही असं म्हणणं खोटं होईल. तूही तसं कधी म्हणू नकोस. वडिलांच्या नावामुळे तुला पहिला माइक मिळाला असेल तर मिळाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण दार उघडण्याचं काम नाव एकदाच करतं. आत गेल्यावर काय होतं ते बघायचं तर शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवावं लागेल.

हँक विल्यम्स हा कंट्रीतला सगळ्यात मोठा गीतकार-गायक. १ जानेवारी १९५३ ला, वयाच्या २९ व्या वर्षी गेला. मागे साडेतीन वर्षांचा मुलगा, त्याला हँक ज्युनियर म्हणतात. आई ऑड्रीने त्याला आठव्या वर्षी स्टेजवर उभं केलं, वडिलांसारखे कपडे घालून, वडिलांची गाणी म्हणायला. अकराव्या वर्षी तो ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर होता. १९६४ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड चालली, तीही वडिलांच्याच गाण्याची. त्याच वर्षी वडिलांच्या आयुष्यावर चित्रपट आला, त्यात पडद्यावर नट दुसरा आणि गळा या मुलाचा. लोक रडायचे. त्यांना वाटायचं हँक परत आला. आणि त्या मुलाला काय वाटायचं, हे विचारायला कुणी नव्हतं. दारू लागली, गोळ्या लागल्या. १९७४ मध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तेव्हा कुठे तो नॅशव्हिल सोडून अलाबामात गेला आणि रॉकच्या अंगाने जाणारं स्वतःचं गाणं शोधायला लागला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये मोंटाना-आयडाहोच्या सीमेवर एका डोंगरावरून तो सुमारे ५०० फूट खाली पडला. चेहरा जवळजवळ नव्याने बांधावा लागला. दाढी, गॉगल आणि टोपी हे त्याचं आजचं रूप त्या जखमा झाकण्यातून आलं. वडिलांचा चेहरा गेला आणि मगच त्याचा स्वतःचा आला, असं इथली जुनी मंडळी बोलतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

१९७९ मध्ये त्याने घरच्या परंपरेवरच स्वतः गाणं लिहिलं. तू वडिलांसारखा का वागतोस, का पितोस, असं विचारणाऱ्यांना ते उत्तर होतं. त्यानंतर तो थांबला नाही. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा सन्मान १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा मिळाला. आणि मग १९८९ मध्ये त्याने वडिलांच्या जुन्या रेकॉर्डिंगवर स्वतःचा आवाज चढवून बाप-लेकाचं युगलगीत केलं. चाळिशीत. आठव्या वर्षी वडील त्याच्या अंगावर घातलेले होते, चाळिसाव्या वर्षी तो आपण होऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीच गाणी, तोच माणूस, पण या दोन प्रसंगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे: वडिलांची गाणी गावीत की नाही यापेक्षा ती कधी गावीत आणि ती कोण निवडतं हे जास्त महत्त्वाचं.

आता रोझॅनकडे परत येतो, कारण उरलेलं अर्धं उत्तर तिच्याजवळ आहे.

१९७३ ची गोष्ट. दौऱ्याच्या बसमध्ये बाप-लेक गाण्यांबद्दल बोलत होते. वडील एकेका जुन्या गाण्याचं नाव घेत होते आणि हिला ती माहीत नव्हती. कॅलिफोर्नियात बीटल्स ऐकत वाढलेली पोर ती. जॉनी कॅश चरकला. मग त्याने बसून शंभर गाण्यांची यादी लिहून तिच्या हातात दिली, की ही तुला आलीच पाहिजेत. यादीला नाव कंट्रीचं होतं, पण आत डोंगराळ भागातली जुनी कथागीतं होती, चर्चमधली गाणी होती, कृष्णवर्णीयांचा ब्लूज होता, मजुरांच्या चळवळीतली गाणी होती. तिने ती यादी शिकून काढली आणि जपून ठेवली.

आमच्याकडे शागिर्दाला बंदिशी द्यायची रीत आहे, तिची मला ही गोष्ट ऐकताना नेहमी आठवण होते. माझ्या वडिलांचे एक गिऱ्हाईक होते, गाण्याचे मास्तर. तंबोरा जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवून घ्यायला आणायचे आणि जवारी लागेपर्यंत समोर बसून राहायचे. ते म्हणायचे, गुरूचा गळा उचलू नका, गुरूने काय ऐकलं ते उचला. मला तेव्हा ते कळलं नव्हतं. जॉनी कॅशने मुलीला नेमकं तेच दिलं. माझ्यासारखी गा, असं म्हणाला नाही. मी ज्यांना ऐकून उभा राहिलो त्यांना तू ऐक, असं सांगितलं.

आणि पुढची गोष्ट बघ. यादी हातात असूनही तिने ती लगेच बाजारात नेली नाही. पुढे थोडे दिवस लंडनमध्ये नोकरी केली, मग कॉलेज, मग अभिनयाचं शिक्षण. पहिला अल्बम १९७८ मध्ये जर्मनीत निघाला, अमेरिकेत तो आलाच नाही. रॉडनी क्रॉवेल या गीतकार-निर्मात्याशी लग्न झालं आणि त्याच्याबरोबर तिने स्वतःचा बाज घडवला. १९८१ मध्ये 'सेव्हन इयर एक' हे तिने स्वतः लिहिलेलं गाणं कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांत पहिल्या क्रमांकावर आलं आणि पॉपच्या क्रमवारीतही चढलं. त्या गाण्यात वडिलांचा खर्ज नाही, वडिलांचा आगगाडीसारखा ठेका नाही. शहरातलं नातं आहे, सिंथेसायझर आहे. जुन्या लोकांना ते कंट्री वाटलंही नसेल.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे गळ्याचा मुद्दा नीट कळेल.

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे डेमोला आला. आजोबा गायचे, वडील गायचे, तिकडच्या दोन-तीन जिल्ह्यांत त्यांना लोक ओळखायचे. हातात आजोबांची गिटार. मी ती उजेडात धरली तर मानेवर पहिल्या-दुसऱ्या पडद्यापाशी लाकडाला खळगे पडलेले. तीन पिढ्यांची बोटं त्याच जागी त्याच कॉर्डला दाबलेली. वडील ज्या पट्टीत गायचे त्याच पट्टीत तो गात होता, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन. खालचा सूर त्याला लागत नव्हता. तो लागावा म्हणून हनुवटी छातीकडे दाबायचा आणि आवाज घशात ढकलायचा, कारण वडिलांचा आवाज तिथे घुमायचा. चारदा रेकॉर्ड करून झालं. पाचव्याला घसा बसायला लागला.

मी उठलो, गिटारीच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला. कॅपो म्हणजे तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा. आता बोटं तीच, सूर मात्र चढून पांढरी पाचवर गेला. म्हटलं, गा. पहिलं कडवं झालं आणि तो थांबला. म्हणाला, हे बाबांसारखं वाटत नाहीये. मी समोरचा कागद त्याला दाखवला. इथल्या स्टुडिओत वादकांपुढे सुरांची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात: एक, चार, पाच. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या साथगायकांतल्या नील मॅथ्यूजने ही पद्धत काढली आणि चार्ली मकॉयने ती वादकांत रुजवली. आपल्याला ती अजिबात अवघड जात नाही, कारण आपला सा असाच हलता असतो. एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागदावर एक अक्षर खोडावं लागत नाही. तेच त्याला दाखवलं. म्हटलं, बघ, कागद तोच आहे. गाणं बदललेलं नाही, फक्त तुझ्या सा वरून सुरू झालंय. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग हनुवटी वर करून गायला, आणि त्याचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पातळ होता, थोडा थरथरता, पण स्वच्छ.

घराण्यातल्या मुलांचा गळा बिघडतो तो बहुतेक वेळा असा. गुण नसतो म्हणून नाही, दुसऱ्याच्या सा वरून गातात म्हणून. तू मुलगी आहेस, त्यामुळे तुला निदान पट्टी बदलावीच लागते. रोझॅनलाही तेच झालं असणार असं मला वाटतं: जॉनी कॅशच्या त्या खोल आवाजाची नक्कल करणं तिला शक्यच नव्हतं, आणि हे तिचं भाग्य. हँक ज्युनियरला ते शक्य होतं, म्हणून त्याचे इतके हाल झाले.

आता वडिलांच्या गाण्याचा प्रसंग. १९८७ च्या अल्बममध्ये रोझॅनने 'टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स' हे गाणं घेतलं. ते वडिलांचं, १९६१ चं. पण रेकॉर्ड करताना तिला ते वडिलांनी लिहिलंय हे माहीतच नव्हतं. तिला वाटलं, पारंपरिक असेल, कुणाचंच नसेल. गिटार वाजवली रँडी स्क्रग्जने, तोही बँजोवादक अर्ल स्क्रग्जचा मुलगा. १९८८ च्या सुरुवातीला हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या एका अल्बममधून पहिल्या क्रमांकाची चार गाणी निघाली. चारांतलं एकच तिने लिहिलेलं, तेही दुसऱ्या एकाबरोबर मिळून. बाकीची निवडलेली. म्हणजे तिचा कान किती तयार झाला होता बघ. आणि यात अजून एक गोष्ट आहे, जी आठवली की मला आतून हलल्यासारखं होतं. १९८६ मध्ये त्याच कोलंबिया कंपनीने जॉनी कॅशला सोडून दिलं होतं. जवळजवळ तीस वर्षांचा संबंध संपवला. आणि दोन वर्षांच्या आत त्याच कंपनीच्या रेकॉर्डवर त्याचं जुनं गाणं देशात पहिलं आलं, मुलीच्या गळ्यातून.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: नावाने दार उघडलं, यादीने कान तयार केला, स्वतःच्या गाण्यांनी आवाज ठरवला, आणि मग वडिलांचं गाणं आलं ते ओझं म्हणून नाही, एक चांगलं गाणं म्हणून.

लगेच पुढे तिने जे केलं त्याला मात्र फार हिंमत लागते. १९९० मध्ये 'इंटीरियर्स' हा अल्बम तिने स्वतः निर्मिती करून काढला. अंधारा, आत वळलेला, मोडत चाललेल्या संसाराचा. नॅशव्हिलच्या कचेरीला तो विकता येईना. तिने कंपनीच्या न्यूयॉर्क शाखेकडे बदली मागितली आणि १९९१ मध्ये ते शहरच सोडलं. पहिल्या क्रमांकाची गाणी त्यानंतर तिला मिळाली नाहीत. बाजाराच्या हिशोबाने कारकीर्द तिथे उतरली. माझ्या हिशोबाने ती तिथे पक्की झाली. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही, इथले काही सहकारी याच्या उलट म्हणतात. पण त्या निर्णयानंतर तीस वर्षं ती स्वतःच्या अटींवर गाते आहे, याला मी मोठं यश मानतो.

त्या काळात संकटंही आली. १९९८ मध्ये गरोदरपणात स्वरयंत्रावर गाठ आली आणि दोन-अडीच वर्षं गाता आलं नाही. २००३ मध्ये वडिलांबरोबरचं युगलगीत असलेला अल्बम आला आणि त्याच वर्षी आधी जून कार्टर, मग सप्टेंबरमध्ये जॉनी कॅश गेले. २००५ मध्ये आई गेली. २००६ चा 'ब्लॅक कॅडिलॅक' हा त्या तिघांच्या जाण्यावरचा अल्बम आहे. घरात कुणी गेलं असेल तर एकटीने ऐक. २००७ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली.

आणि यानंतर, २००९ मध्ये, यादी मिळाल्याला छत्तीस वर्षं झाल्यावर, वयाच्या ५४ व्या वर्षी तिने त्या शंभरातली बारा गाणी निवडून 'द लिस्ट' काढला. आता तू स्वतः तपासून बघ: त्या बारांत वडिलांनी लिहिलेलं एकही गाणं नाही. कार्टर कुटुंबाचं आहे, हँक विल्यम्सने गायलेलं आहे, हँक स्नोचं आहे, बॉब डिलनचं आहे. वडिलांचा वारसा म्हणून जगाने उचलून धरलेल्या अल्बममध्ये वडिलांचं गाणंच नाही, आहे ती वडिलांची आवड. मास्तर म्हणायचे ते मला तो अल्बम ऐकला त्या दिवशी कळलं.

तिथून पुढे ती आणखी मागे गेली. आर्कान्सामधल्या डायस गावी वडिलांचं बालपणीचं घर विद्यापीठाने दुरुस्त करायला घेतलं, त्या निमित्ताने ती आणि तिचा दुसरा नवरा जॉन लेव्हेंथल दक्षिणेत फिरले. त्या प्रवासातून २०१४ चा 'द रिव्हर अँड द थ्रेड' आला. अलाबामातली एक शिवणकाम करणारी मैत्रीण तिला सुई-दोरा शिकवत होती, त्यातला दोरा अल्बमच्या नावात आला. पुढच्या वर्षी त्याला तीन ग्रॅमी मिळाली. १९८० च्या दशकात मिळालेल्या एका ग्रॅमीनंतर इतक्या वर्षांनी. हा अल्बम तू आधी ऐकला नसशील तर त्यापासून सुरुवात कर.

आता, तुझ्या बाबतीत काय लागू होईल ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मोकळेपणी सांगितलं पाहिजे. रोझॅनचे वडील श्रीमंत आणि जगप्रसिद्ध होते, तिला चुकायला वेळ होता. तुझ्या वडिलांचा कार्यक्रम हे घराचं पोट असेल, आणि तू त्यातली गाणी सोडलीस तर सुपाऱ्या कमी होणार असतील, तर 'स्वतःचा आवाज शोध' म्हणून तुला फुकटचा सल्ला देण्याचा मला हक्क नाही. तशा वेळी मी हिशोब वेगळा करतो: कार्यक्रमात घरची गाणी, पण महिन्याला निदान एक जागा अशी, जिथे कुणाला वडिलांचं नाव माहीत नाही. इथे गीतकारांच्या बैठका असतात, तीन-चार जण गोल बसून आळीपाळीने आपापली गाणी गिटारवर म्हणतात. ब्लूबर्ड कॅफे त्यासाठी प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या घरांतली मुलं तिथे मुद्दाम आडनाव न सांगता जाऊन बसलेली मी पाहिली आहेत. टाळी किती खरी ते त्यांना तिथे कळतं. तुला पुण्यात-कोल्हापुरात अशी एखादी बैठक सापडेल, नाही तर चार मैत्रिणी जमवून सुरू करता येईल.

वडिलांचा स्वभाव हा दुसरा भाग. काही वडील मुलाने वेगळं गायलं तर खूश होतात, काहींना तो अपमान वाटतो. आमच्या मिरजेशी नातं असलेलं उदाहरण तुला माहीत असेल: हिराबाई बडोदेकर या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, पण आई-वडील वेगळे झाले, तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे झाली, आणि वडिलांचं नाव न लावता त्या एवढ्या मोठ्या झाल्या. तरी गळ्यात वडिलांचं किराना घराणं होतंच. तुझ्या घरी असं काही तुटलेलं नसेल तर तोडायची काही गरज नाही. तू वडिलांशी बोलू शकतेस, ही मोठी जमेची बाजू आहे.

म्हणून 'सोडून द्यावीत का' याला माझं उत्तर: सोडू नकोस, पण सध्या कमी कर. आणि आधी एक काम कर. एका रविवारी वही घेऊन वडील आणि काकांसमोर बस. त्यांच्या गाण्यांबद्दल विचारू नकोस. ते तुझ्या वयाचे असताना कुणाला ऐकायला सायकल काढून जायचे ते विचार. कुठल्या जत्रेत, कुठल्या फडात, कुणाच्या भजनात कुठलं गाणं ऐकून झोप लागली नाही ते विचार. काका एक नाव सांगतील, वडील म्हणतील ते नव्हे, त्याच्या आधीचं. त्यांना वाद घालू दे, तू लिहीत जा. शंभर नकोत, चाळीस झाली तरी पुष्कळ. फोनवर त्यांच्याच आवाजात दोन-दोन ओळी रेकॉर्ड करून ठेव. यातली निम्मी गाणी आज कुणी गात नसेल, आणि वडील ती स्टेजवर कधी गायलेही नसतील. तुझी यादी ती. तिच्यातली दोन-तीन गाणी तुझ्या पद्धतीने बसव, आणि जमेल तशी स्वतःची लिहायला लाग. लिहिण्याचं मी इतकं सांगतो त्याला साधं कारणही आहे: अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकाराला आणि प्रकाशकाला जातं, गाणाऱ्याला नाही. इथे लिहिता येत नसलेला गायक फार दिवस टिकत नाही. आपल्याकडचे नियम वेगळे, पण स्वतःचं गाणं असेल तर फर्माईशही तुझ्याच गाण्याची येईल.

आणि पुढच्या कार्यक्रमात लोकांनी वडिलांचं गाणं मागितलंच, तर एक म्हण, शेवटून दुसरं. पहिलं नको, नाही तर बाकीचा कार्यक्रम लोक त्याच मापाने मोजतात. शेवटचंही नको, घरी जाताना त्यांच्या कानात तुझं गाणं राहू दे. वडील ते काळी दोनमध्ये म्हणत असतील तर तू काळी चार, काळी पाच, जिथे गळा मोकळा वाटेल तिथे घे. हार्मोनियमवाल्या काकांना मात्र आधी सांगून ठेव, नाही तर ते सवयीने वडिलांचीच पट्टी धरतील.